आतल्या घड्याळाचा नंबर

लातूरला, औसा रोडच्या आत, ट्यूशनच्या गल्लीत
बिराजदार सरांच्या क्लासच्या दारावर
एक पडदा आहे, दोन खाटांएवढा.
त्यावर पोरं उगवतात.

आधी फोटो, धुक्यातून आल्यासारखा.
तीन सेकंदांनी नाव.
नाव बसलं की अर्ध्या सेकंदाने गुण,
गुण थांबले की झेंडूच्या पाकळ्या.
(पाकळ्या सरांनी मागून वाढवल्या, पैसे न वाढवता.)
एका घड्याळाच्या पोटात दुसरं,
दुसऱ्याच्या पोटात तिसरं.
सगळं मी लिहिलेलं.
मी, जो याच गल्लीत तीन वर्षं घासून
कुठल्याच पडद्यावर उगवलो नाही.

काल निकाल लागला.
जुनी पोरं उतरवली, नवी चढवली, घरी आलो.
साडेअकराला गफूरचाचांचा फोन,
"बाबू, तुमच्या पडद्यात भूत शिरलंय."

अफशान पटेलच्या हसऱ्या तोंडाखाली
गेल्या सालच्या श्रेयस बिडवेचे गुण.
मग रिकाम्या चौकटीवर पाकळ्या,
कुणाच्याच नसलेल्या कपाळावर.
अभ्यासिकेतून परतणाऱ्या दोन मुली
थांबून फोटो काढत होत्या.
श्रेयस म्हणे कॉलेज सोडून आला,
उदगीरकडे कोंबड्या पाळतो.
त्याचे गुण मात्र अजून ड्युटीवर.

चौकट काढली म्हणून घड्याळ थांबत नाही.
ते चौकटीत नसतंच कधी.
मागे अंधारात मोजत बसतं
आणि वेळ झाली की हजर,
सोयरीक मोडल्याचं कुणी न कळवलेला ताशेवाला
सुन्या मांडवात येऊन बडवत सुटावा, तसं.

बाहेरचं मी थांबवलं होतं, शपथ.
पण तोवर ते वाजून गेलेलं,
आतलं जन्मलेलं,
आणि आतल्याचा नंबर
मी कुठे लिहिलाच नव्हता.
नंबर नाही त्याला थांब म्हणणार कसं?

चाचांच्या स्टुलावर बसलो, लॅपटॉप मांडीवर, डास कानाशी.
कोडात एक वही केली.
जन्मणाऱ्या प्रत्येक घड्याळाने आधी नोंद करायची,
बापाने, पोराने, पोराच्या पोरानेसुद्धा.
यादी बदलण्याआधी वही उघडायची,
एकेकाला नंबराने थांबवत
शेवटच्या ओळीपर्यंत जायचं.
मगच पान कोरं.
तरी एखादं निसटलंच
तर त्याने हात लावण्याआधी विचारावं,
ज्याच्यासाठी आलो, तो आहे का इथे?
नसेल तर मुकाट परत जावं.

चारदा यादी फिरवली. जुनी, नवी, जुनी, नवी.
भूत आलं नाही.
चाचांनी थर्मासच्या झाकणात चहा दिला, म्हणाले,
"उतरवलंत की."

चारला पाच कमी.
का कोण जाणे, निलंग्याला फोन लावला.

तीन वर्षं आई इथेच होती,
पत्र्याच्या खोलीत, माझ्यासाठी.
चारला मला उठवायची.
उठलो की चहा,
चहा संपला की माझी उजळणी,
उजळणीचा आवाज लागला की तिच्या भाकरीची थाप.
खोली सोडून सहा वर्षं झाली.
तिथे आता दुसऱ्या कुणाची तरी आई.

पहिल्याच रिंगला उचलला.
"झोपला नाहीस व्हय रे?"
"तू का जागी?"
"उठले की. चहा ठेवायलेय."
"कुणाला?"

थोडा वेळ नुसता गॅसचा आवाज.

"आई, तो चारचा गजर बंद कर आता."
"गजर कुठला बाबा," ती म्हणाली,
"मला कुठं येतंय त्यो लावायला."
आणि मग,
"रात्री जेवलास का काही?"